‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणताना

मी वडोदऱ्याहून बोलतोय. मागच्या भागानंतर एका भगिनीने विचारलं, “देवाच्या इच्छेप्रमाणे प्रार्थना करा म्हणता, पण इच्छा कळल्याशिवाय मागायचं कसं?”

प्रियांनो, या प्रश्नाचं उत्तर मी विद्वान म्हणून देत नाही. सहा वर्षं मी एकच प्रार्थना केली आणि ती चुकीची होती, म्हणून बोलतोय.

आमचं वडिलोपार्जित घर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तीन खोल्या आणि मागे एक आंब्याचं झाड. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, दादाने, उताऱ्यावर फक्त स्वतःचं नाव लावलं. मी वाटणीचा दावा लावला. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी उपास करायचो आणि म्हणायचो, “प्रभू, तुझी इच्छा असेल तर निकाल माझ्या बाजूने लाव.” शब्द अगदी शास्त्राला धरून. एकदा रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर बायको म्हणाली, “अहो, सहा वर्षांत तुम्ही दादांचं नाव प्रार्थनेत एकदाही घेतलं नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते तरी ठाऊक आहे का?”

मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी योहानाचं पहिलं पत्र उघडलं. 5:14 आपल्याला पाठ असतं: त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो आपलं ऐकतो. आपण या वचनाचा उपयोग बहुतेक वेळा पळवाट म्हणून करतो. मिळालं नाही की म्हणायचं, देवाची इच्छा नव्हती. योहानाने ते धीर देण्यासाठी लिहिलं आहे. आणि ते ज्या पत्रात आहे ते पत्र सलग वाचा. पाच अध्यायांचं तर आहे, अर्धा तासही लागत नाही. तिसऱ्या अध्यायात गरजू भावाला पाहून अंतःकरण बंद करणारा माणूस आहे. चौथ्यात, डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती न करता न दिसणाऱ्या देवावर प्रीती असल्याचं सांगणारा आहे. म्हणजे पाचव्या अध्यायात आपण मागायला येतो, त्याआधीच योहानाने भावाचा विषय काढून ठेवलेला असतो. मी थेट पाचव्यात उडी मारली होती.

म्हणून त्या भगिनीला मी सांगेन की देवाची बरीचशी इच्छा आपल्याला कळलेलीच आहे. क्षमा करावी का, समेट करावा का, हे विचारायचं उरलेलं नाही. मत्तय 5 मध्ये प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाची तक्रार आठवली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. तिथे ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणणं म्हणजे वेळ काढणं.

एक खुलासा करतो, नाहीतर उद्या फोन येतील. कोर्टात जाणं पाप आहे असं मी म्हणत नाही. कितीतरी बहिणींना हक्काचा वाटा कोर्टाशिवाय मिळत नाही. त्यांनी अवश्य जावं.

मग जिथे इच्छा खरोखर कळत नाही तिथे काय? आजारपण, नोकरी, मुलीचं लग्न? तिथे मोकळेपणाने मागावं. गेथशेमानेत आपल्या प्रभूने मनातलं लपवलं नाही. मत्तय 26 मधल्या दोन प्रार्थना शेजारी ठेवून पाहा. पहिल्यांदा, शक्य असेल तर हा प्याला दूर कर, अशी विनंती आहे. दुसऱ्यांदा, प्यायल्याशिवाय तो टळणार नसेल तर तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे, असं आहे. दोहोंमध्ये मागणं हललं. गुडघ्यांवर असतानाच ते हललं. पौलानेही काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा मिळाली. केडगावला पंडिता रमाबाईंचं काम पुढे मनोरमाबाई चालवतील अशी आशा होती. 1921 साली लेकच आधी गेली, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये आई. असं का, हे मला सांगता येणार नाही, आणि कोणी फार सहज सांगू लागलं तर मला भीती वाटते.

पुढच्या आठवड्यात मी वकिलांना न कळवता नगरला गेलो. दादाने काठी टेकत दार उघडलं. म्हणाला, “तारीख पुढच्या महिन्यात आहे ना?”

मी म्हटलं, “गुडघा कसा आहे?”

बराच वेळ तो दारातच उभा राहिला. मग वहिनींना म्हणाला, “चहा टाक.” घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. दावा अजून चालू आहे, पण मध्यस्थीसाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला आहे. त्या तीन खोल्यांचं काय व्हावं हे मला कळत नाही, म्हणून तिथे मी अजूनही ‘तुझी इच्छा’ म्हणतो. दादाच्या बाबतीत म्हणत नाही. सरळ त्याचं नाव घेतो.

परवा त्याचा फोन आला. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. “प्रार्थना कर,” म्हणाला. ऑपरेशन 14 तारखेला आहे, तुम्हीही करा.