उभयचर प्राण्यांची निगा आणि प्राथमिक शाळा
(वज्रेश्वरी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेले भाषण)



मृगाचा पाऊस झाला की तानसा नदीच्या काठची भातखाचरे भरतात आणि रात्री बेडकांचा गजर सुरू होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत वज्रेश्वरीच्या परिसरातील एखादा विद्यार्थी काचेची बाटली घेऊन शाळेत येतो. तीत शेपूट हलविणारे दहा-वीस काळे जीव असतात. ‘गुरुजी, मासे आणले,’ असे तो अभिमानाने सांगतो. दिवसभर वर्ग त्या बाटलीभोवती गोळा होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील निम्मे जीव मरून पडलेले असतात. मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे जीव कोण, ते पाहिले पाहिजे. ते मासे नव्हेत, बेडकाची पिले होत. त्यांना बेडूकमासे म्हणतात. पाण्यात व जमिनीवर असे दोन्हीकडे जगणारे जे प्राणी, त्यांना उभयचर अशी संज्ञा आहे. महाराष्ट्रात या वर्गातील बेडूक सर्वत्र आढळतात, आणि सह्याद्रीच्या ओलसर मातीत पाय नसलेले देवगांडूळही असते. याच वर्गातील तिसरी जात शेपटीच्या प्राण्यांची. पालीसारख्या आकाराचा, पण मऊ व ओलसर कातडीचा न्यूट हा त्यांपैकी एक होय. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक तो घरी काचेच्या टाकीत पाळतात. आपल्या देशात न्यूट केवळ पूर्व हिमालय व ईशान्येकडील थंड डोंगरांत राहतो. दार्जिलिंगजवळचे जोरपोखरी हे छोटे अभयारण्य त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. ठाणे जिल्ह्यात तो नाही. परंतु न्यूट जगविण्यास जे ज्ञान लागते, तेच बेडूकमाशास लागते. कारण दोघांच्या आरोग्याचे मूळ एकच आहे.

ते मूळ म्हणजे कातडी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कातडीतून शोषून घेतो. श्वासाचाही मोठा भाग तो ओल्या कातडीतूनच घेतो. यास्तव पाण्यात जे मिसळेल, ते थेट त्याच्या शरीरात जाते. मुलाच्या हातावरील साबण, केसांचे तेल, खाचरावर फवारलेले औषध यांपैकी काहीही त्यास घातक ठरते. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यात जंतुनाशक पावडर टाकलेली असल्यास तेही तसेच. म्हणून अशा प्राण्याची निगा म्हणजे मुख्यत्वे त्याच्या पाण्याची निगा, हे सूत्र शिक्षकाने मनात पक्के ठेवावे.

आता बाटलीकडे वळू. अरुंद तोंडाच्या बाटलीत हवेला पाण्याशी मिळण्यास जागाच नसते. त्यात दाटी झाली व बूच लावले, की पाण्यातील प्राणवायू रात्रीत संपतो. पिले बहुधा यामुळेच मरतात. तेव्हा मुलाला न रागावता ती तत्काळ पसरट, उथळ भांड्यात काढावीत. पाणी ज्या डबक्यातील जीव, त्याच डबक्याचे असावे. भांडे सावलीत ठेवावे. उन्हात उथळ पाणी लवकर तापते. भाकरीचा चुरा किंवा भात टाकू नये. तो सडून पाणी नासते. दगडावरील हिरवे शेवाळ हेच या पिलांचे खाणे होय. मागचे पाय फुटून पुढचेही दिसू लागले, की भांड्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड हवा. त्या वेळी कल्ले जाऊन फुप्फुसे काम करू लागतात. टेकण्यास जागा न मिळाल्यास जो जीव कालपर्यंत पाण्यात खेळत होता, तोच पाण्यात बुडून मरतो.

वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्ण कुंडांच्या पाण्याने माणसाचे त्वचारोग बरे होतात, अशी श्रद्धा आहे. त्यावरून एखादे मूल आजारी पिलांसाठी ते पाणी आणील. त्यास प्रेमाने परावृत्त करावे. ते ऊन व खनिजयुक्त पाणी या नाजूक कातडीस सोसणारे नाही. माणसास जे हितकर वाटते, ते प्रत्येक जिवास हितकर असतेच असे नाही, हा धडाही त्यातून सहज शिकविता येतो.

तथापि ही सारी निगा जीव परत पोचविण्यापुरतीच समजावी. दुसऱ्या दिवशी मुलांसह जाऊन ती पिले ज्या डबक्यातून आणली तेथेच सोडावीत, दुसरीकडे नव्हे. याचे कारण गंभीर आहे. उभयचरांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीने जगाच्या अनेक भागांतील बेडकांच्या जाती नष्ट केल्या आहेत. तिच्याच जवळची दुसरी बुरशी शास्त्रज्ञांनी 2013 साली वर्णिली. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर युरोपात गेली असावी, असे मानतात; नेदरलँड्समधील एका शेपटीच्या उभयचराचा तिने जवळजवळ निःपात केला. एका टाकीतील पाणी ओढ्यात ओतल्याने काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. शिवाय आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आहे. हिमालयातील न्यूटला त्याचे संरक्षण आहे. तो पाळण्याचा मोह कोणी धरू नये. बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही शासनाने 1987 मध्ये बंद केली. कारण पिकावरील किडे खाणारा हा शेतकऱ्याचा सोबती झपाट्याने घटू लागला होता.

यास्तव उत्तम मार्ग असा, की बाटली शाळेत आणण्याऐवजी वर्ग डबक्याकाठी न्यावा. काठाला एक जागा ठरवावी आणि आठवड्यातून एकदा, कोणत्याही जिवास हात न लावता, वहीत नोंद करावी : अंडी केव्हा दिसली, मागचे पाय केव्हा फुटले, शेपूट केव्हा आखडली, पावसाने ओढ दिली तेव्हा पाणी किती उतरले. मुले पाण्यात उतरणार नाहीत, याची दक्षता मात्र शिक्षकाने घ्यावी. यास खर्च काही नाही, आणि पाठ्यपुस्तकातील चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर जिवंत होते.

ज्या मुलाने बाटली आणली, त्याची जिज्ञासा खोटी नव्हती. तिला योग्य वाट हवी होती. पिले पाण्यात सोडताना तेच मूल सर्वांत पुढे असावे. ओंजळीतून निसटून गेलेला जीव पोहू लागलेला त्याने पाहिला, म्हणजे दयेचा पाठ त्यास निराळा द्यावा लागणार नाही.