पाळण्याचा हिशेब
(तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर आपण दर मेळाव्यात बोलतो. आज आम्ही पाळण्याचा हिशेब मांडणार आहोत. हसू नका. हाही शेतीच्याच खर्चाचा हिशेब आहे.

कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो, की ज्वारीत पहिले ३५-४० दिवस तण राहिले तर पीक हातचे जाते. पुस्तकात खुरपणीची मजुरी छापलेली होती. खुरपणाऱ्या बाईचे पोर कुठे असते, ते छापलेले नव्हते. ते आम्ही माण-खटावच्या आणि जत-आटपाडीच्या बांधावर पाहिले. बाभळीला लुगड्याची झोळी, आत तान्हे मूल आणि झोका द्यायला सात-आठ वर्षांची थोरली. उन्हाचा ताप आहे, विंचूकाट्याची भीती आहे. थोरलीची शाळा हंगामात बुडते आणि पुढे सुटतेच. हा खर्च उत्पादनखर्चात कोण धरतो?

तुम्ही म्हणाल, अंगणवाडी आहे की! आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली. त्यात आपल्या राज्यातले धारणी होते. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ मिळत नाही. मोठी पोरे काही तास बसतात. कापूस वेचणारी बाई घरी येते दिवस मावळताना. मधले तास कुणाचे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात. थोरलीने शिकायचे तर धाकट्याची सोय तिथेच हवी, इतके साधे गणित होते.

पैसा कुठून आणायचा? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. २०२२ साली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना आली. खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. पंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणाचा असतो. तो कशावर खर्च झाला, कधी विचारलेत?

कागदावर सोय असणे वेगळे. २००५ च्या केंद्राच्या रोजगार कायद्यात लिहिले होते, की कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर एका बाईला मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवायचे. अशी बाई कामावर कुणी पाहिली? हात वर करा. बघा, तुमचे तुम्हीच मोजा.

म्हणून गावी गेल्यावर एवढे करा. ग्रामसभेआधी बायकांची सभा भरते, तिथे सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची यादी करा. आई कोणत्या महिन्यात, किती वाजेपर्यंत रानात असते, तेही लिहा. पाळणाघराचा ठराव करा, अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. सांभाळणाऱ्या बाईच्या पोटापाण्याचा पैसा ठरावातच मागा. फुकटच्या सेवेवर आपल्या बायका आजवर पुष्कळ राबल्या.

रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्यातले. काम मागायचा हक्क या दुष्काळी मातीने राज्याला शिकवला. काम करणाऱ्या आईचे लेकरू सावलीत राहावे, हा त्याच हक्काचा राहिलेला भाग आहे. तो आपणच मागून घेऊ.