खाणीतला अनुभव आणि घरबसली विद्या



नांदेड-लातूरकडील मंडळींपुढे खाणीच्या कारभाराविषयी बोलावयाचे म्हटले की, आमच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात खाणी आहेत तरी कोठे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु आपल्या रस्त्यांवरील खडी आणि घरांच्या जोत्याचा दगड खाणीतूनच निघतो. किनवट-माहूर ओलांडून पुढे गेले की वणी-चंद्रपूरचा कोळशाचा पट्टा लागतो. आणि गोदावरीच्या काठाने खाली गेले म्हणजे तेलंगणात गोदावरीखनी या नावाचे गावच भेटते.

तरुणपणी पदवी घेऊन अशा एखाद्या खाणीत शिरलेला आणि वीस वर्षे तेथे घालविलेला मनुष्य डोळ्यांपुढे आणा. दगडाचा आवाज ऐकून तो धोका ओळखतो. परंतु सगळा कारभार हाती येण्याची वेळ आली की कायदा, हिशेब, यंत्रांची खरेदी, माणसांची वाटणी हे सारे शास्त्रशुद्ध शिकल्याची उणीव त्यास भासू लागते. धनबादला खाणविद्येचे शिक्षण १९२६ सालापासून मिळत आले आहे. पण घरदार आणि पगार सोडून या वयात तेथे जाऊन राहणे त्यास कसे जमावे?

आज यावर उपाय निघाला आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. आता तर इंटरनेटवरून नामांकित संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने रात्रपाळी संपवून आलेल्या मनुष्यासही ऐकता येतात. आणि ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८८५ साली कायदा झाला की, खाणीच्या मुकादमाने परीक्षा द्यावी. लहानपणापासून कोळसा खणणाऱ्यांस शाळा कोठली? तेव्हा थॉमस फॉस्टर नावाच्या संपादकाने त्यांच्या प्रश्नांची उत्तरे आपल्या पत्रात छापण्यास आरंभ केला, आणि त्यातूनच १८९१ साली स्क्रँटन येथे टपालाने खाणविद्या शिकविणारी शाळा निघाली. दूरशिक्षणाचा एक मोठा प्रवाह असा खाणीतूनच वर आला आहे!

येथे कोणी म्हणेल, वीस वर्षांचा अनुभव असताना पुस्तकाची गरज काय? याचे उत्तर चासनाळ्याने दिले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील त्या खाणीत जुन्या खोदकामात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि सुमारे पावणेचारशे माणसे बुडाली. अनुभव आपणांस आपण पाहिलेला धोका शिकवितो. न पाहिलेला धोका दुसऱ्यांच्या अनुभवातूनच शिकावा लागतो, आणि त्यालाच विद्या म्हणतात. खाणीचे व्यवस्थापन म्हणजे केवळ नफ्याचा हिशेब नव्हे. जुने नकाशे, पाणी, हवा आणि माणसांचा थकवा यांचाही तो हिशेब होय.

दोन गोष्टींविषयी मात्र सावध असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या नियमांनी व्यवस्थापनाची पदवी घरबसल्या घेता येते, अभियांत्रिकीची नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास मान्यता आहे की नाही, हे पाहावे. शिवाय, पदवी मिळाली म्हणून खाण चालविण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी सरकारी परीक्षेचे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते, आणि ते योग्यच आहे.

शेवटी आपल्या दगडाच्या खाणींकडे येऊ. "ही का खाण? हा तर खड्डा!" असे आपण सहज म्हणतो. १९५२ च्या खाण कायद्याने इमारती दगडाच्या उघड्या खाणीस सवलत दिली होती, पण केव्हा? खोली सहा मीटरांहून अधिक नसेल, माणसे पन्नासांहून अधिक नसतील आणि सुरुंग लावला जात नसेल तेव्हाच. म्हणजे एक सुरुंग उडाला की तो खड्डा कायद्याच्या दृष्टीने खाण ठरे! सुरुंगाखाली उभा असलेला मजूर चंद्रपूरचा असो की उदगीरचा, त्याचा जीव सारखाच मोलाचा.

म्हणून अनुभवी मंडळींस माझी विनंती आहे की, रोज एक तास अभ्यासास द्यावा, दोघाचौघांनी मिळून बसावे, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी कामावर पडताळून पाहावे. मालकांनीही त्यांस तेवढी सवड द्यावी. पदवीचा कागद भिंतीवर लागेल. पण संध्याकाळी सारी माणसे धडधाकट घरी परतली, तरच ती विद्या खरी.