परसातील अबोली : बियांपासून फातीपर्यंत



गोमंतकातील परसबाग म्हटली की तुळस, जास्वंद आणि अबोली ही नावे ओघानेच येतात. अबोली ही अडुळसा व कोरांटी यांच्याच कुळातली. तिला गंध नाही, म्हणूनच की काय लोकांनी तिला अबोली म्हटले. परंतु खुडल्यावरही ती लवकर कोमेजत नाही आणि वजनाला अगदी हलकी असते. त्यामुळे फाती ओवण्यास तिच्यासारखे फूल विरळा. कित्येक गृहिणींच्या हाती चार पैसे येतात ते या फातींमुळेच.

असे असता एक तक्रार वारंवार कानी येते : झुडूप भरभरून फुलते, पण त्याला बी धरत नाही. यात लावणाऱ्याचा दोष नसतो. रोपवाटिकांतून मिळणारी ‘दिल्ली’ नावाची अबोली मोठ्या, गडद फुलांची असली तरी मुळातच वांझ आहे. ती फाटे लावूनच वाढवावी लागते. बी हवे असेल तर जुनी गावठी अबोलीच शोधावी. शेजारणीच्या अंगणात ती अजूनही सापडते.

गावठी अबोलीचे बी गोळा करणे हा मात्र एक खेळच आहे. प्रत्येक बोंडात चार बिया असतात. बोंड वाळले आणि त्याला ओल लागली की ते तडकते व बिया दूर उडतात. पहिल्या सरीबरोबर सारे बी अंगणभर विखुरते ते याचमुळे. म्हणून तुरे तपकिरी होताच, कोरड्या हवेत, कापून घ्यावेत. ते परातीत ठेवून वर पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि लगेच पातळ फडके झाकावे. थोड्याच वेळात फडक्याखाली तडतड ऐकू येते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा. बीजप्रसाराचा धडा मुले पुन्हा विसरणार नाहीत.

बी ताजेच पेरावे. मृगाच्या धुवाधार पावसात वाफा वाहून जातो, नाहीतर बी कुजते. तेव्हा चतुर्थी आटोपल्यावर पेरणी करणे बरे. रेती, माती आणि मुरलेले शेणखत समभाग घेऊन उंच वाफा करावा, बी अगदी वरवर पेरावे व झारीने पाणी द्यावे. उगवण एकसारखी होत नाही. काही बी दोन-तीन आठवड्यांत वर येते, काही त्याहूनही रेंगाळते. उतावीळपणे वाफा उकरणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच. रोपाला पाच-सहा पाने आली की दोन फुटांच्या ओळींत, एकेक फुटावर लावावे. लावणीनंतर सुमारे तीन महिन्यांत फुले येऊ लागतात.

खरा शत्रू जमिनीत असतो. मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी आणि मर रोगाची बुरशी यांनी हिरवेगार झुडूप बघता बघता माना टाकते. मेलेले झुडूप मुळांसकट उपटून जाळावे. त्याच खड्ड्यात पुन्हा अबोली लावू नये. तेथे एक हंगाम झेंडू घ्यावा, म्हणजे कृमी कमी होतात. लावणीच्या वेळी मातीत निंबोळीची पेंडही मिसळावी. पाणी साचू देणे तर सर्वस्वी टाळावे.

तुऱ्यातील फुले खालून वर उमलत जातात; ती दिवसाआड, पहाटे खुडावीत. बियांसाठी मात्र दोन-तीन निरोगी झुडपांचे काही तुरे फुले न खुडता तसेच राखावेत आणि ओळखीसाठी त्यांना दोरा बांधून ठेवावा.