ज्याची विहीर, त्यालाच कुलूप

मी गडचांदूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे सिमेंटचे कारखाने आहेत, कापसाची शेती आहे, पलीकडे जंगल आहे. त्यामुळे संशोधक इकडे येत असतात. कुणी पाण्याचे नमुने नेतात, कुणी धुळीचे. लोक त्यांना चहा पाजतात, विचारलेलं सगळं सांगतात. पुढे त्या कामाचं काय झालं, हे मात्र गावाला क्वचितच कळतं.

एकदा माझ्या एका विद्यार्थिनीला आमच्याच भागातल्या पाण्यावरचा शोधनिबंध इंटरनेटवर सापडला. सारांश फुकट होता. पूर्ण निबंधासाठी तीस डॉलर मागितले होते. तिचे वडील मजुरी करतात. ती म्हणाली, "मॅडम, पाणी तर आमच्याच विहिरीचं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही लेखकालाच ई-मेल केला. दोन दिवसांत निबंध आला. म्हणजे त्यांनाही तो वाचला जावा असंच वाटत होतं!

गंमत बघा. विद्यापीठातल्या संशोधकाचा पगार बहुधा जनतेच्या पैशातून होतो. निबंध छापल्याबद्दल त्याला मानधन नसतं. तो तपासणारे प्राध्यापकही सहसा फुकटच तपासतात. तरी वाचणाऱ्याने मात्र पैसे मोजायचे. हे बदलावं म्हणून २००२ मध्ये 'बुडापेस्ट जाहीरनामा' निघाला आणि 'ओपन ॲक्सेस', म्हणजे सर्वांना मोफत वाचता येणारं प्रकाशन, ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत देण्याचा नियम केला. आज 'शोधगंगा'वर लाखो प्रबंध कुणालाही वाचता येतात.

खुलं झालेलं ज्ञान काय करू शकतं, ते शेजारच्या गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं घरच्या घरी नवजात बाळांच्या काळजीचं संशोधन १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि जगाने त्याची दखल घेतली. पण २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल त्यांनी मराठीत काढला, तेव्हा तो प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरांत बोलला गेला. २००३ मध्ये सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समितीही नेमली.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. सरकारी शिक्षणसंस्थांची त्यातून सोय झाली, हे चांगलंच. पण खेड्यातला डॉक्टर, पत्रकार, ग्रामसभा यांचं काय? शिवाय खुल्या नियतकालिकांतही काही लेखकाकडूनच मोठं शुल्क घेतात, काही तर निव्वळ बनावट असतात. तेव्हा डोळे उघडे ठेवायला हवेत.

तरी पैसे न लागणारा एक मार्ग आहे. अनेक नियतकालिकं लेखकाला स्वीकारलेल्या निबंधाची स्वतःची प्रत विद्यापीठाच्या संग्रहात ठेवू देतात. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. नियम वाचावेत आणि प्रत ठेवावी. सोबत मराठीत दोन पानं लिहून ज्या गावातून माहिती घेतली त्या ग्रामपंचायतीला द्यावीत.

माझ्या विद्यार्थिनीने त्या निबंधातला पाण्याचा तक्ता मराठीत उतरवला आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिला. खरं तर हे काम तिच्यावर पडायला नको होतं. ते आम्हा शिकवणाऱ्यांचं होतं.