आठवड्याला दहा पौंड आणि एक घोडा



आजचा विषय रेसच्या घोड्यांचा आहे, म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. बचत गटाच्या ताईला हे काय सुचलं, असं काही जणी म्हणतील. तर आधीच सांगते, मी पैजेबद्दल बोलणार नाही. घोड्यावर पैसे लावणं वेगळं आणि घोड्यात वाटा असणं वेगळं. पैज लावणाऱ्याचा आणि घोड्याचा संबंध चार-सहा मिनिटांत संपतो. वाटा असला की तो खातो तेव्हाही खर्च, आजारी पडतो तेव्हाही खर्च, आणि नुसता उभा राहिला तरी खर्च. गाय-म्हैस पाळणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की म्हैस निदान दूध देते.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा प्रदेश आहे. तिथे केव्हन फॉरेस्ट नावाचं एक गाव आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणी बंद पडल्या आणि गावांची रया गेली, आपल्या गिरणगावाची संपानंतर गेली तशीच. त्या गावात जॅन व्होक्स नावाची बाई. सकाळी सुपरमार्केटमध्ये साफसफाई आणि संध्याकाळी कामगारांच्या क्लबात ग्राहकांना पेय भरून देणं, ही तिची नोकरी. हौस मात्र जनावरांची. शर्यतीची कबुतरं, शर्यतीचे कुत्रे तिने वाढवलेले होते. एकदा क्लबात हॉवर्ड डेव्हिस नावाचे एक कर सल्लागार रेसच्या घोड्याबद्दल बोलत होते, ते तिने ऐकलं आणि डोक्यात घेतलं, आपणही घोडा करायचा.

विकत घ्यायचा नाही हं, कारण तेवढे पैसे कुठले? पैदास करायची. तिने आणि तिच्या नवऱ्याने साडेतीनशे पौंडांत एक घोडी घेतली. घोडी शर्यतीत कधी चमकली नव्हती आणि स्वभावानेही तापट. मग चांगल्या जातीचा नर शोधला आणि २००१ साली शिंगरू जन्माला आलं. भाजीपाला लावायच्या जमिनीच्या तुकड्यावर ते वाढलं.

आता खर्चाचं काय? इथे मला ती बाई आपल्यातली वाटली. तिने क्लबातल्या माणसांना गोळा केलं आणि सांगितलं, आठवड्याला दहा पौंड. २३ जण झाले. तेव्हा तिथली किमान मजुरी तासाला चार पौंडांच्या आसपास होती, म्हणजे प्रत्येकाने आठवड्यातली अडीच तासांची मजुरी बाजूला काढायची. हे ऐकल्या ऐकल्या मी वहीत मांडलं. २३ गुणिले दहा, आठवड्याचे २३०. वर्षाचे ११,९६०. सभासद ठरलेले, रक्कम ठरलेली, वार ठरलेला. आपण पंचसूत्रीत नियमित बचत म्हणतो ती हीच. फक्त ही बचत नव्हती, खर्च होता, आणि तो खर्च आहे हे डेव्हिससाहेबांना चांगलं ठाऊक होतं. घोड्याच्या भागीदारीत त्यांचे हात आधी एकदा पोळलेले होते. तरी हिशेबाची बाजू त्यांनी सांभाळली. एक वेडी आणि एक शहाणा, अशी जोडी प्रत्येक गटाला मिळावी.

घोड्याचं नाव ठेवलं ड्रीम अलायन्स. म्हणजे स्वप्नाची युती. आपल्याकडे युती म्हटलं की वेगळंच काही आठवतं, पण ही टिकली.

आता मनस्तापाचं सांगते, कारण तो जास्त आहे. शिंगरू जन्मलं २००१ मध्ये आणि घोडा पहिल्यांदा शर्यतीत उतरला २००४ च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या तीन वर्षांत फक्त द्यायचं. आमच्या गटात सहा महिने कर्ज मिळालं नाही तर चौघी म्हणतात, आमचं नाव काढा. इथे तीन वर्षं वाट पाहून पुढे काय, तर पहिल्या शर्यतीत चौथा नंबर. त्या मंडळींना तोही भारी वाटला.

दुसरा मनस्ताप असा, की मालक तुम्ही आणि घोडा दुसऱ्याच्या हातात. फिलिप हॉब्ज नावाच्या नामांकित प्रशिक्षकाच्या पागेत त्याला ठेवलं होतं. तो काय खाणार, कुठल्या शर्यतीत धावणार, जमीन ओली आहे म्हणून आज धावणारच नाही, हे प्रशिक्षक ठरवणार. पाठीवर जॉकी बसणार. मालकाने कुंपणाला टेकून ओरडायचं. सुट्टी काढून, भाड्याच्या गाडीतून लांब जावं आणि घोडा शेवटून दुसरा यावा, असेही दिवस वाटेकऱ्याच्या नशिबी असतातच. २३ जणांतल्या एकालाही घोड्याला 'पळ रे' म्हणून सांगता येत नाही.

आणि तरी ते जात. रेसकोर्सवर शर्यतीआधी घोडे फिरवतात, त्या रिंगणात मालकांना उभं राहायचा मान असतो. इंग्लंडातले घोड्यांचे मालक म्हणजे कोण? जमीनदार, उमराव, खुद्द तेव्हाची राणी एलिझाबेथ. त्यांच्या शेजारी खाणगावातली ही माणसं, त्याच हक्काने उभी. तो मान कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता. आठवड्याच्या दहा पौंडांतून मिळालेला होता. मला वाटतं, खरा परतावा तिथेच सुरू झाला होता.

२००७ मध्ये न्यूबरीच्या एका मोठ्या शर्यतीत तो दुसरा आला. पहिला आला तो डेन्मन, त्या काळातला अव्वल घोडा. सगळे हवेत. आणि २००८ मध्ये एन्ट्रीच्या शर्यतीत धावता धावता त्याच्याच मागच्या खुराने पुढच्या पायाची कंडरा कापली. कंडरा म्हणजे स्नायू आणि हाड बांधणारी जाड दोरी. रेसच्या घोड्याचं असं झालं, की बहुतेक वेळा तिथेच त्याला इंजेक्शन देऊन संपवतात. तसा विचार बोललाही गेला होता.

उपाय एकच होता आणि तोही नवा. घोड्याच्या अस्थिमज्जेतून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि जखमेत टोचायच्या. खर्च साधारण वीस हजार पौंड. बरा झाला तर चालेल, पुन्हा धावेल याची खात्री कुणीच देईना. घोड्याने जिंकलेले पैसे खात्यात होते. वाटले असते तर माणशी आठशे-साडेआठशे पौंड सहज हातात आले असते. त्यांनी ते घोड्याच्या पायात घातले.

ही गोष्ट मी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितली आणि इथे थांबले. म्हटलं, समजा हा ठराव तुमच्यापुढे आलाय. हात वर करा.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आमच्या कोषाध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "पैसे वाटून टाका. मेलेल्या जनावरावर कोण खर्च करतं? माझी गाय गेली तेव्हा डॉक्टरचं बिल आणि गाय, दोन्ही गेलं." त्यांचं चूक नाही. ते बिल त्यांनी गटाच्या कर्जातून भागवलं होतं, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शेळ्या पाळणारी एक जण म्हणाली, "त्यानेच कमावलेत ना पैसे? मग त्याचेच आहेत." एक काकू मात्र गप्प होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या घरी बैलाच्या वेळी मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

आता काकूंच्या बैलाचं सांगायला हवं. आपल्याकडे बैलगाडा शर्यत आहे आणि बैलात वाटा ठेवायची रीतही आहे. तीन-चार घरं मिळून खोंड घेतात. कुणी पैसे घालतो, कुणी गोठा देतो, कुणी गाडा. वेल्समध्ये जे झालं ते आपल्या गावात नवीन नाही. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षं काकूंच्या घरी बैल उभा होता. जनावरांना चाबकाचे आणि बॅटरीचे हाल सोसावे लागत होते, म्हणून बंदी आली हेही खरं आहे आणि मला ती बाजू पटते. पण बैलाची भूक न्यायालयाचा निकाल वाचत नाही. भरडा दळायचा, पेंड भिजवायची, कणकेचे गोळे करायचे, दूध पाजायचं, हे काकू रोज करत होत्या. वाटेकऱ्यांपैकी दोघांनी खर्च द्यायचा बंद केला. आणि एक दिवस बैल विकला गेला. त्या सौद्यात काकूंना चहा करायला सांगितला होता.

म्हणून मला जॅनच्या गटातली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तिथे ज्याचे दहा पौंड, त्याचा वाटा त्याच्या नावावर. बाई असो वा पुरुष. कल्पना बाईची होती आणि ती बाई रिंगणात मालक म्हणून उभी होती. आपल्याकडे गुलाल कुणाच्या अंगावर पडतो आणि शेणाची पाटी कुणाच्या डोक्यावर असते, ते मी सांगायला नको.

घोड्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. दीड-एक वर्ष उपचार आणि विश्रांती. मग २८ डिसेंबर २००९, चेप्स्टो, वेल्श नॅशनल. वेल्समधली सगळ्यात मानाची अडथळ्यांची शर्यत, साडेतीन मैलांहून लांब. कंडरा शिवलेल्या घोड्यावर कोण भरवसा ठेवणार? भाव होता वीसास एक. टॉम ओब्रायन जॉकी होता. शेवटच्या टप्प्यात मागून दुसरा घोडा चढत आला होता, आणि घोड्याच्या एका लांबीपेक्षाही कमी अंतराने ड्रीम अलायन्स जिंकला.

इथे सिनेमा संपतो. खरंच त्यावर दोन सिनेमे निघाले, २०१५ साली माहितीपट आणि २०२० साली कथापट. पण आपण हिशेब लिहिणाऱ्या बायका आहोत, तर वही पूर्ण करू. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याला शर्यत पुरी करता आली नाही. फुप्फुसाचा आजार निघाला. २०१२ मध्ये तो निवृत्त झाला. सगळ्या शर्यतींतून मिळाले एक लाख अडतीस हजार पौंडांच्या वर. खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला आले १,४३० पौंड. म्हणजे बक्षिसाच्या रुपयातले पंचवीस पैसेसुद्धा हातात उरले नाहीत. जन्मापासून निवृत्तीपर्यंतची अकरा वर्षं धरली, तर आठवड्याला अडीच पौंड पडले.

आणि हा घोडा जिंकलेला होता, बरं का. बहुतेक वाटेकऱ्यांच्या घोड्याला सिनेमा सोडा, साधा चषकही मिळत नाही. त्यांचं सगळं खर्चाच्याच रकान्यात जातं. म्हणून कुणी दारात येऊन म्हणाला, की घोड्यात, बैलात, कशातही पैसे घाला, वर्षात दुप्पट करून देतो, तर त्याला चहासुद्धा देऊ नका. जॅनने कुणाला दुप्पट देते म्हटलं नव्हतं. तिने घोडा देते म्हटलं होतं आणि घोडा दिला.

आमच्या बैठकीत शेवटी शेळ्यावाल्या मैत्रिणीने विचारलं, "निवृत्त झाल्यावर त्याला कोण पोसणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे. घोडा पंचवीस वर्षं जगतो आणि धावतो जेमतेम त्यातली सात-आठ. पुढची वर्षं कुणाच्या खर्चात, हे पहिल्याच दिवशी ठरावात लिहायला हवं. काकूंच्या बैलाच्या वेळी कुणी लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी इतिवृत्तात एक ठराव झाला. महिन्याला वीस रुपये, बचतीच्या बाहेरचे. वेगळा डबा, वेगळी वही. त्यातून कर्ज नाही, व्याज नाही, कुणाच्या फीसाठी नाही, नवऱ्याच्या गाडीच्या हप्त्यासाठी तर मुळीच नाही. खात्याचं नाव 'हौस'. त्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. दोघींना समुद्र बघायचाय, एकीला ढोल-ताशा पथक काढायचंय. कोषाध्यक्ष वहिनींनी पैसे सगळ्यांत आधी भरले आणि पावती मागून घेतली. काकूंनी विचारलं, खोंड किती रुपयांना पडतो. गेल्या बैठकीपर्यंत डब्यात ८८० रुपये जमले आहेत.

नमस्कार.