मोफत प्रशिक्षणानंतरचा पहिला महिना

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणातील काही भाग)



हॉटेल व्यवसायाचे शिक्षण म्हटले की भरमसाट शुल्क आणि इंग्रजी बोलणारी मुले डोळ्यांसमोर येतात. मुंबईत दादर येथील संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने निघाली. तेथील तीन वर्षांचा अभ्यासक्रम खेड्यातील गरीब मुलाला दूरचाच राहिला. पूर्वी असा मुलगा शहरातील एखाद्या उपाहारगृहात पोऱ्या म्हणून लागे, टेबले पुशी आणि जमल्यास रात्रशाळेत जाई.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' हा उपक्रम आरंभिला, तेव्हा आठवी उत्तीर्ण मुलाला आठ आठवड्यांत स्वयंपाकाचे वा सहा आठवड्यांत वाढपाचे शिक्षण विनाशुल्क मिळू लागले. पुढे २०१४ साली ग्रामीण गरीब कुटुंबांतील १५ ते ३५ वयोगटासाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. आतिथ्य व्यवसाय हा तिच्यातील एक विषय आहे.

योजना उदार आहे. तरीही काही मुले अर्ध्यावरून घरी परततात. का?

'शिकून लोकांची उष्टी काढायची काय?' असे वडील विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सफाई आणि सेवा ज्यांच्यावर जन्माने लादली गेली, त्यांच्या घरातून तो येतो तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. त्याला उत्तर द्यायचे तर काम नीट समजावून सांगितले पाहिजे. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली का ठेवावे, कच्च्या मांसाची सुरी भाजीला का लावू नये, हे शास्त्र आहे. त्याला वेतन आहे, बढती आहे. मात्र दिवसभर उभे राहावे लागते, दिवाळीत रजा मिळणे कठीण, रात्रपाळी असते, हेही त्याच बैठकीत सांगावे. 'मॅनेजर होशील' असे ऐकून गेलेल्या मुलासमोर पहिल्याच आठवड्यात भांड्यांचा ढीग येतो आणि तो गावची गाडी धरतो. यात त्याचा दोष थोडा, सांगणाऱ्याचा अधिक.

मुलींच्या बाबतीत आईची शंका निराळी असते. वसतिगृहात देखरेखीस कोण, रात्रपाळीनंतर वाहन मिळते काय? शिक्षिकेने तिला सोबत घेऊन केंद्र प्रत्यक्ष पाहून यावे. ऐकीव आश्वासनापेक्षा ते बरे.

खरी अडचण पुढेच आहे. निवासी प्रशिक्षण संपले की मोफत निवासही संपतो. नोकरी पुण्यात वा मुंबईत लागते; खोलीची अनामत आज द्यावी लागते आणि पगार महिनाअखेरीस मिळतो. ग्रामीण कौशल्य योजनेच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी दरमहा एक हजार रुपये साहाय्य ठरविले होते: नोकरी जिल्ह्यातच असल्यास दोन महिने, राज्यात अन्यत्र तीन, राज्याबाहेर सहा. हेतू योग्यच होता, पण मुंबईत हजार रुपयांत राहण्याची सोय होणे अवघड, हे आपण सारे जाणतो.

म्हणून पंचायतीने नावे नोंदविताना शिक्षण आणि वय यांच्या पुढे आणखी एक रकाना आखावा: पहिला पगार हाती पडेपर्यंत राहणार कोठे? गावातील कोणी त्या शहरात असेल तर त्याचा पत्ता तेथे लिहावा. रकाना रिकामा राहिला, तर मुलाला गाडीत बसविण्यापूर्वी सरपंचांनी प्रशिक्षण केंद्राशी बोलावे.